परदेशी मित्राचा वाढदिवस आणि पन्हाळ्यावरची रात्र: तयारी

बेत असा: संध्याकाळी पन्हाळ्याच्या पायथ्याला एकाच्या मळ्यावर जेवण, मग वर लॉजवर मुक्काम आणि बाराला केक. आधी वार ठरवा, मेनू नंतर. आमचा मित्र इथिओपियाचा, विद्यापीठात शिकायला आलाय. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपवास धरतात, त्यात मांस, अंडी, दूध, लोणी काहीच चालत नाही. ईस्टरच्या आधी तर सलग ५५ दिवस. आपल्या पोरांत कुणाचा सोमवार, कुणाचा शनिवार, एखाद्याचा जोतिबाचा रविवार. मंगळवार-गुरुवार मोकळे दिसतात, पण त्या रात्री बारा वाजले की त्याचा उपवासाचा वार लागतो, आणि केक नेमका बारालाच कापायचा असतो. म्हणून रविवार धरा. जोतिबावाल्याला अख्खा मसूर करू, तो काही रुसणार नाही. वाढदिवस उपवासाच्या वारी आला तर त्याला विचारून पुढे ढकला. न विचारता केक समोर ठेवलात तर तुमचं मन मोडू नये म्हणून तो खाईल, आणि ते बरोबर नाही.

आता पासपोर्ट. मूळ पासपोर्ट, त्यावरचा व्हिसा आणि इथल्या नोंदणीचा कागद. झेरॉक्स नको, फोनमधला फोटो नको. गेल्या वर्षी हेच राहिलं. रात्री अकराला पन्हाळ्यावर लॉजवाल्यांनी दारातूनच परत पाठवलं, आणि ज्याचा वाढदिवस तोच आमची समजूत काढत बसला. लॉजवाल्यांचाही दोष नाही. परदेशी माणूस मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्यांना फॉर्म सी म्हणून ओळखला जाणारा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. त्यात पासपोर्टचा नंबर, व्हिसाचा नंबर, भारतात कधी आला, सगळं लागतं. बऱ्याच छोट्या लॉजकडे त्याची सोयच नसते, ते सरळ नाही म्हणतात. तेव्हा आठवडाभर आधी फोन करा आणि ‘खोली आहे का’ एवढ्यावर फोन ठेवू नका. ‘परदेशी पाहुणा आहे, फॉर्म सी भरता का’ असं स्पष्ट विचारा, हो म्हणणाऱ्याचं नाव लिहून घ्या. ‘मग मळ्यावरच झोपू’ ही पळवाटही नको, घरात परदेशी माणूस मुक्कामाला ठेवला तरी घरमालकाला हे कळवावं लागतं. हॉस्टेलची रात्रीची परवानगी वेगळी, तीही लेखी.

रस्सा मंडळ, म्हणजे मित्रांनी मिळून चुलीवर रांधायचा मटणाचा बेत, पन्हाळ्याच्या पायथ्याला, एकाच्या मळ्यावर. चूल, सरपण, पातेली, पळ्या हे कुणाला सांगायला नको. मटण संध्याकाळी आणा. पांढऱ्या रश्श्यासाठी अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, आधी बाजूला काढा आणि नारळाचं दूध घातल्यावर जाळ कमी करा, नाहीतर रस्सा फुटतो. खसखस, काजू, तीळ यांतलं काही त्याला बाधत नाही ना, आधी विचारा. तिखट मात्र त्याच्यासाठी कमी करू नका. बेरबेरे नावाचा लाल मिरचीचा मसाला खाऊन वाढलेला माणूस आहे, तो आपला तांबडा रस्सा वाटीवर वाटी पितो. फिका रस्सा वेगळा काढून ठेवला की त्याला आपण पाहुणा असल्यासारखं वाटतं. आणखी एक: त्यांच्याकडे जवळच्या माणसाला स्वतःच्या हाताने घास भरवतात, त्याला गुर्शा म्हणतात. तो रश्श्यात बुडवलेली भाकरी चांगली मोठी मुरडून तुमच्या तोंडापुढे धरेल. मागे सरकू नका, आ करा.

पासपोर्ट घेतला का? मळ्यावर निघायच्या आधी, त्याच्या खोलीतच, डोळ्यांनी बघा. ‘आहे रे बॅगेत’ यावर विश्वास ठेवू नका.

घरच्यांचा व्हिडिओ कॉल हवाच. आई-बहिणीपासून इतक्या लांब आहे तो. इथिओपिया आपल्या अडीच तास मागे, म्हणजे आपले रात्रीचे बारा तेव्हा तिकडे साडेनऊ. पण तिकडे तास दिवसा सूर्योदयापासून आणि रात्री सूर्यास्तापासून मोजतात. त्याची बहीण ‘साडेतीनला करा’ म्हणाली तर ते रात्रीचे साडेनऊच असतात. वेळ ठरवताना ‘कोल्हापूरची वेळ’ असंच बोला आणि तिच्याकडून उलट वदवून घ्या. तारखेचंही तसंच. त्यांचं कॅलेंडर तेरा महिन्यांचं, त्यामुळे घरचे कोणता दिवस धरतात ते बहिणीलाच विचारा. जिथून कॉल करायचा तिथली रेंज दिवसा तपासा.

केक चौकात कापायचा नाही. तलवारीने तर अजिबात नाही. फटाके नाहीत, रात्री दहानंतर स्पीकर नाही. आपल्यावर गुन्हा दाखल झाला तर आपण कोर्टाच्या तारखा करू, त्याचा व्हिसा धोक्यात येईल आणि शिक्षण अर्धवट टाकून परत जावं लागू शकतं. तोंडाला केक फासणं, लाथा घालणं हेही बंद. बीअरला वय २१ लागतं, कडक दारूला २५. तो २३ चा होतोय, तेव्हा आग्रह करू नका. गाडी चालवणाऱ्याने थेंबही घ्यायचा नाही. घाटात पावसाळ्यात धुकं उतरलं की पुढची गाडी दिसत नाही. ट्रिपल सीट नाही. बाईकची किल्ली आपल्या मित्राच्या हातात देऊ नका.

पासपोर्ट झिपच्या पिशवीत, आणि ती सांभाळायची एकाच माणसाने. तो माणूस चुलीजवळ बसणार नाही, पिणार नाही, बॅग दुसऱ्याला देणार नाही. हरवला तर पोलीस तक्रार, वकिलात, दिल्ली, सगळं मागे लागतं. नेण्याची भीती वाटते म्हणून खोलीवर ठेवून जायचं हा विचार मात्र सोडा.

लॉजवर अकराच्या आत पोचा. फॉर्म भरायला वेळ लागतो, लॉजवाल्यावर ओरडू नका. केक, पाणी, स्वेटर, चार्जर.

सकाळी तीन दरवाजा, सज्जा कोठी, जमेल तेवढं. खोली सोडताना काउंटरवरून पासपोर्ट परत घ्या. लवकर उतरलात तर गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर काढलेलं धारोष्ण दूध, सोमवार आहे, त्याला चालतं. मग मिसळ. पातेली ज्याची त्याला, घासून. हिशोब त्याच दिवशी ग्रुपवर टाका आणि त्याचं नाव त्यात घालू नका.