डेंग्यूनंतर पुन्हा धावायला लागताना

डेंग्यूचा ताप साधारण आठवडाभरात उतरतो, पण थकवा पुढे कित्येक आठवडे रेंगाळू शकतो; म्हणून प्लेटलेटची संख्या पूर्ववत झाली आहे आणि व्यायामाला हरकत नाही, हे डॉक्टरांकडून पक्के करून घेतल्याशिवाय धावण्याचे बूट चढवू नयेत.

पहिला आठवडा सपाट रस्त्यावर केवळ चालावे. रोज सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी मोजून वहीत लिहावी; ती नेहमीपेक्षा मिनिटाला दहाएक ठोक्यांनी जास्त भरली, किंवा आदल्या दिवसाचा शीण झोपेनंतरही उतरला नसेल, तर त्या दिवशी विश्रांतीच घ्यावी. चालणे सोसू लागले की १ मिनिट धावणे व २ मिनिटे चालणे अशी सहा-सात आवर्तने एक दिवसाआड, सलग वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने करावीत. छातीत दुखले, धडधड वाढली किंवा चक्कर आली, तर तेथेच थांबून डॉक्टरांना गाठावे.

उत्साह टिकवणे अधिक अवघड, कारण आजारापूर्वीचे आकडे मनातून जात नाहीत. माझ्या मते महिनाभर वेग दाखवणारे घड्याळ घरीच ठेवावे आणि गटातल्या वेगवान मंडळींऐवजी गप्पा मारत चालणारा सोबती निवडावा. पावसाळ्याच्या अखेरीस आजारी पडलेल्यांनी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या ४२ किलोमीटरचा हट्ट यंदापुरता सोडावा.