कॉस्प्ले: अ‍ॅनिमेतला विज्ञानवेडा विद्यार्थी

कॉस्प्ले म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करणं. शालेय विनोदी अ‍ॅनिमेत (जपानी कार्टून मालिकांत) हे पात्र हमखास भेटतं: गणवेशावर मळका पांढरा कोट, कपाळावर प्रयोगशाळेतला सुरक्षा गॉगल, हातात काहीतरी फसफसतंय. कोट आणि केस पटकन जमतात. खरा वेळ राखून ठेवा तो हातातल्या फ्लास्कसाठी, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चंबूसाठी, कारण फोटोत नजर तिथेच जाते.

कोट सुती, एक माप मोठा. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या की पात्र लगेच अ‍ॅनिमेतलं वाटतं; फक्त आतून मनगटाशी इलॅस्टिक घाला, नाहीतर बाही अडकून फ्लास्क लवंडतो. कोट आधी धुवा. नव्या कापडाला खळ असते, त्यावर रंग नीट धरत नाही. जळकट डागांसाठी मध्ये काळा, कडेला तपकिरी कापडी रंग जवळजवळ कोरड्या स्पंजने टिपा.

काजळीची युक्ती सोपी आहे. गॉगल डोळ्यांवर चढवून मगच चेहऱ्यावर काळी मॅट आयशॅडो फिरवा, नंतर गॉगल कपाळावर सरकवा. डोळ्यांभोवती स्वच्छ वर्तुळं उरतात, आणि स्फोट न दाखवताही तो झाल्याचं कळतं. कोळशाची पूड नको, ती डोळ्यांत जाते.

आता फ्लास्क. २५० मिलीचा, प्लास्टिकचा, शंकूच्या आकाराचा.

दिवसाच्या उजेडात: ५० मिली पाण्यात खायच्या रंगाचे चार-पाच थेंब, त्यावर १२० मिली खाद्यतेल. पाणी खाली बसेपर्यंत थांबा, मग पाण्यात टाकली की फसफसते अशा गोळीचा (उदा. व्हिटॅमिन सीची) पाव तुकडा टाका. वायूचे बुडबुडे रंगीत थेंब वर नेतात, वायू निसटला की थेंब परत बुडतात. जोर ओसरला की पुढचा तुकडा. बूच लावायचं नाही. आत दाब वाढून ते उडतं. फ्लास्कला साबण राहिला असेल किंवा चालताना तो हिंदकळला, तर तेल-पाणी घुसळून सगळं दुधाळ होतं. म्हणून दोन्ही वेगळ्या बाटल्यांत न्या आणि जागेवर ओता.

अंधाऱ्या सभागृहात टॉनिक वॉटर (फसफसणारं कडसर पेय) वापरा, लेबलवर क्विनीन, म्हणजे त्याला कडू चव देणारा पदार्थ, असल्याची खात्री करून. अतिनील टॉर्चखाली ते निळं चमकतं. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा असावा. ३९५चा जांभळा उजेडच इतका पडतो की चमक त्यात हरवते. गडद रंग मिसळला तर चमक मरते, मिठानेही ती मंदावते. काही प्लास्टिक अतिनील किरण अडवतात, तेव्हा फ्लास्क आदल्या दिवशी तपासून घ्या. टॉर्च कुणाच्याही डोळ्यांवर नको, स्वतःच्याही नाही. बूच हवंच असेल तर टॉनिक रात्रभर उघडं ठेवून वायू जाऊ द्या.

फोटोत हसू नका. हे पात्र स्फोटानंतरही गंभीरपणे वहीत नोंद करतं, म्हणून खिशात छोटी वही आणि पेन्सिल असू द्या. तेलकट हातांवर शाई पसरते.