आखाजीनंतर तोरणमाळला तंबू टाकायचा असेल तर

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात असलेल्या तोरणमाळला मे महिन्यात दुपारी थंडी वाजत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पहिल्या वर्षी आमच्या साडूंनी चार स्वेटर घेतले होते आणि पाण्याचा एक जार घरीच ठेवला होता. गाडीत जागा नव्हती म्हणे.

हिशेब सोपा आहे. आपलं भुसावळ समुद्रसपाटीपासून 200 मीटरच्या आसपास, तोरणमाळ साधारण 1,150 मीटरवर. हजार मीटर वर गेलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे खाली 45 असेल तेव्हा वर 39. याला थंड हवेचं ठिकाण म्हणायचं तर म्हणा, पण डोक्याला रुमाल बांधूनच. खरी मजा रात्रीची. आपल्याकडे रात्री अकरालासुद्धा गच्चीच्या कठड्याला हात लावला तर चटका बसतो. वर पहाटे तीनला माणूस चादर शोधतो. म्हणून ही सहल रात्रींसाठी करायची, दिवस फक्त सावलीत काढायचे. एवढं मनाशी ठरलं की बाकीचं नियोजन आपोआप बसत जातं.

केव्हा जायचं? आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी नाही. बहिणी, भाच्या माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी सोडून डोंगरात कोण येणार? आखाजी झाली की त्याच पाहुण्यांना गाडीत घालून निघायचं. पण मे संपत आला की वळवाचा भरवसा नाही. दुपारपर्यंत आभाळ कोरं असतं आणि चारला असा वारा सुटतो की तंबू तलावाच्या दिशेने चालायला लागतो. आखाजी लवकर आली असेल तर मेचा दुसरा आठवडा उत्तम. शनिवार-रविवार टाळा. मी रेल्वेत आहे, माझा रेस्ट आठवड्याच्या मधेच येतो. ज्यांना जमत असेल त्यांनी मंगळवार-बुधवार धरावा.

आता तंबू कुठे. आपल्या खान्देशात एकही राष्ट्रीय उद्यान नाही. महाराष्ट्रातल्या सहांपैकी एक म्हणजे सातपुड्यातलं गुगामल, तेही पार मेळघाटात. आपल्याकडे आहेत ती अभयारण्यं: यावल, अनेर, चाळीसगावकडचं गौताळा. अभयारण्यात शिरायलाच परवानगी लागते, तंबू तर लांबची गोष्ट. तोरणमाळ अभयारण्य नाही, पण भोवतालचं जंगल वन खात्याचं आहे, त्यामुळे ‘मोकळी जागा दिसली, टाकला तंबू’ हे तिथेही चालत नाही. आधी वन खात्याच्या कार्यालयात विचारा. आम्ही नेहमी वस्तीतल्या एखाद्या घराच्या किंवा निवासाच्या आवारातच टाकतो. मालकाला विचारून, पैसे ठरवून, आणि संडास वापरायला मिळेल का हे पहिल्यांदा विचारून. बायकांचं निम्मं टेन्शन तिथेच संपतं. यात कमीपणा नाही. घराजवळ असलं की पाणी, दिवा आणि हाकेला माणूस तिन्ही मिळतात. आणि तारे काही कुंपण बघून उगवत नाहीत.

ज्यांना अभयारण्यातच रात्र काढायची हौस आहे त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन खातं पाणवठ्यांवर प्राणी मोजतं, आणि मचाणावर बसायला बाहेरच्या लोकांनाही घेतं. यावलमध्येही असा कार्यक्रम झालेला आहे. आधी नाव नोंदवावं लागतं, रात्रभर गप्प बसावं लागतं. आमच्या घरात ही दुसरी अट पाळणारं कोणी नाही.

रस्ता एकच सरळ. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्ग धरायचा: यावल, चोपडा, शिरपूर, शहादा. चोपड्यापर्यंत दोन्ही बाजूंना केळीची हिरवी भिंत असते, पुढे ऊन अंगावर येतं. शहाद्याला पेट्रोलची टाकी भरा, रोख पैसे काढा, लिंबं आणि कांदे घ्या. तिथून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळ 50-55 किलोमीटर. राणीपूरनंतर सातपायरी घाट लागतो. नावातच समजा काय ते. चढताना एसी बंद ठेवा, नाहीतर इंजिन तापून वळणावरच गाडी रुसते. पहाटे चारला भुसावळ सोडलं तर ऊन चढायच्या आत वर पोचता येतं. आमची पद्धत: रात्रीच सगळं सामान गाडीत, मुलं झोपेतच उचलून मागच्या सीटवर.

पाणी. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आम्ही चार मोठे, तीन लहान. उन्हाळ्यात डोंगरात माणशी पाच लिटर फक्त प्यायला धरा, म्हणजे दिवसाला 35 लिटर. स्वयंपाक, भांडी, हातपाय धरून तेवढंच वर. एकूण 70. हे सगळं भुसावळहून न्यायची गरज नाही, पण पहिल्या दिवसाचं पिण्याचं पाणी गाडीत असलंच पाहिजे. वीस-वीस लिटरचे दोन कॅन, झाकण नवीन, आणि घरी भरून एक रात्र आडवे ठेवून बघितलेले. आमचा पहिल्या वर्षीचा कॅन शिरपूरच्या पुढे गळला आणि साडूंच्या स्वेटरांनी सगळं पाणी प्यायलं. तेव्हा कुठे ते स्वेटर कामाला आले. वर भरून घेतलेलं पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्या.

गार पाण्यासाठी बर्फाचा डबा नेऊ नका. दुपारपर्यंत बर्फाचं कोमट पाणी होतं. वडिलांच्या काळात ट्रकवाले पुढच्या बंपरला जाड कापडाची छागल टांगायचे, तीच शोधा. जुन्या बाजारात अजून मिळते. पाणी कापडातून हळूहळू पाझरतं, बाहेरची कोरडी हवा ते उडवून नेते, आणि उडता उडता आतलं पाणी गार करते. आपली हवा मे महिन्यात इतकी कोरडी असते की छागल इथे जेवढी चालते तेवढी कोकणात कधीच चालणार नाही. सावलीत, वारा लागेल अशा फांदीला टांगायची. नवी असेल तर दोन दिवस भिजवून ते पाणी फेकून द्या, नाहीतर तागाचा वास येतो. छागल नाही मिळाली तर स्टीलच्या कळशीला ओलं धोतर गुंडाळा आणि ते ओलंच ठेवा. आमच्या धाकट्या भाचीला दर तासाला धोतर भिजवायची ड्यूटी असते. भाच्याला ती देत नाही, तो विसरतो.

तंबू. दुकानदार तुम्हाला चार माणसांचा म्हणून जो देतो त्यात तीन माणसं झोपतात. जाळीचा आतला भाग वेगळा आणि वरचं पावसाचं कापड वेगळं, असाच घ्या. वरचं कापड काढून नुसत्या जाळीत झोपायचं, पण कापड उशाशी घडी करून ठेवायचं. वळीव आला तर दोन मिनिटांत चढवता आलं पाहिजे. हे घरी गच्चीवर अंधारात एकदा करून बघा. हसू नका, करून बघा.

आणि तंबू सकाळी पोचल्या पोचल्या उभा करू नका. ही आमची दुसरी चूक. अकराला उभा केला, एकला आत गेलो तर मेणबत्ती वाकून तिची गोगलगाय झालेली. नायलॉन दिवसभर उन्हात राहिलं की भट्टी होते आणि कापडाचंही आयुष्य संपतं. साडेपाचला, ऊन कलल्यावर ठोका.

ठोका म्हणालो खरा, पण सातपुडा म्हणजे काळा कातळ आणि वर चार बोटं मुरूम. तंबूबरोबर आलेल्या पातळ खुंट्या पहिल्या घावात वाकतात. लोखंडी सामानाच्या दुकानातून आठ इंची खिळे घ्या, सोळा पुरतात, आणि खरा हातोडा घ्या. जागेवर दुपारीच एक तांब्या पाणी ओतून ठेवलं की मुरूम जरा ऐकतो. तरी नाही गेला खिळा तर दोरी मोठ्या दगडाला बांधा. दगड उचलताना आधी पायाने हलवून बघा, खाली विंचू असतो. वर मान करून झाडही बघून घ्या: वाळकी फांदी किंवा आग्यामोहोळ दिसलं तर दुसरी जागा. तलावाच्या अगदी काठावर नको, रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांची ती वाट असते.

खाणं. खान्देशी माणूस बाहेर निघाला की त्याला गोवऱ्यांवरची बट्टी आठवते. आम्हीही पहिल्या वर्षी गोवऱ्यांचं पोतं नेलं होतं. पेटवल्यावर दहा मिनिटांत वनरक्षक आला. ओरडला नाही, नुसतं म्हणाला, ‘‘दादा, समोरचा डोंगर बघा.’’ समोरचा अख्खा उतार काळा होता, आठवड्यापूर्वीच्या वणव्याचा. आम्ही निखाऱ्यांवर, आधीच कमी असलेलं, पाणी ओतलं. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वन खात्याचा आगीचा हंगाम. पानगळीचं जंगल, खाली वाळलेल्या पानांचा थर, एक ठिणगी बस होते. राखीव जंगलात असा विस्तव करणं भारतीय वन अधिनियम 1927 प्रमाणे गुन्हाही आहे. तेव्हा शेकोटी नाही. कॅम्पिंग म्हणजे शेकोटी, असं ज्यांच्या मनात आहे त्यांनी डिसेंबरात आपल्या शेतात करावी.

बट्टी तरीही होते. जाडसर दळलेला गहू, त्यात मूठभर मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ, चांगलं तेलाचं मोहन. घट्ट मळून वळकट्या करायच्या आणि घरीच उकडून घ्यायच्या. पूर्ण गार झाल्या की कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात. गरम भरल्या तर घाम सुटून चिकट होतात. पहिल्या रात्री तिथे सुरीने चकत्या कापून तळायच्या, आणि तुरीचं वरण छोट्या गॅसवर. गॅस आवाराच्या ओट्यावरच, तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा, शेजारी भरलेली बादली. दुसऱ्या दिवशी खिचडी आणि बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. बिबडे घरून तळून नेले तर गाडीत भुगा होतो. तसेच न्या, तिथे तळा. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा असला की पुरुष मंडळी तक्रार करत नाहीत. शेवभाजी नको, दोन दिवस तहान भागत नाही.

रात्री तंबूची चेन पूर्ण लावायची, पाय बाहेर काढून झोपायचं नाही. मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कधीकधी चावल्याचं कळतही नाही. चपला आत घ्या किंवा सकाळी झटकून घाला. बॅटरीशिवाय लघवीलाही उठायचं नाही. साप चावला तर मांत्रिक नाही, दोरी आवळणं नाही. हात-पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना, 108 ला फोन. फोनला रेंज कुठे मिळते हे पोचल्यावर लगेच बघून ठेवा. वन खात्याची मदतवाहिनी 1926.

दिवसाचं वेळापत्रक: पाचला उठा, सीताखाईच्या कड्यावर जा. पावसाळ्यात तिथे धबधबा असतो, मेमध्ये नुसती कोरडी दरी, पण सकाळच्या उन्हात ती जशी दिसते तशी पावसात धुक्यामुळे दिसतच नाही. साडेनऊच्या आत परत. मग झाडाखाली सतरंजी, पत्ते, झोप. मुलांना ओआरएसचं पाणी पाजत राहा, मागत नसली तरी. पाचला गोरखनाथाचं मंदिर आणि यशवंत तलाव. तलावात उतरायचं नाही. पोहायला येतं म्हणणाऱ्यांनी तर नाहीच.

पावरा आदिवासींच्या वस्तीत या दिवसांत घरोघर आमचूर चालू असतो. कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या, कौलांवर पसरायच्या. छपरंच्या छपरं आधी पांढरी, मग तपकिरी होत जातात. एका आजींनी माझ्या बायकोच्या हातात सोलणं दिलं आणि म्हणाल्या, बघ सोलून. तिने अर्ध्या तासात अकरा कैऱ्या सोलल्या, आजींचं टोपलं तोवर रिकामं झालं होतं. त्यानंतर आमच्याकडे आमचुराच्या भावात घासाघीस होत नाही. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा.

कचरा सगळा परत. त्यासाठी एक रिकामं खताचं पोतं न्या, प्लास्टिकची पिशवी घाटात फाटते.

निघायच्या दिवशी तंबू सहाला उतरवा, साडेसहाला गाडी. उतरताना दुसऱ्या गिअरला ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. राणीपूरला चाकांचा जळका वास आला तर थांबून गार होऊ द्या. आणि आवार सोडण्याआधी खिळे मोजा. सोळा नेले तर सोळा परत. मागच्या वर्षी आमचे पंधरा भरले. साडू म्हणाले, ‘‘जाऊ द्या भो, एक खिळा तर आहे.’’ तो मालकाच्या मोटरसायकलच्या मागच्या टायरात सापडला, आम्ही निघायच्या आत, हे नशीब. पंक्चरचे पैसे साडूंनी दिले.