देवघरातलं एक काम मुलाच्या नावावर

दोन-अडीच वर्षांचं मूल देवघराकडे धावतं ते भक्तीने नव्हे, घंटेसाठी. त्यात वावगं काहीच नाही. या वयात हात जोडून डोळे मिटून बसवायला गेलं की मूल पळतं; हाताला काम दिलं की रोज आपणहून येतं. म्हणून दोन ते सहा वर्षांच्या मुलाशी देवाधर्माचा संबंध जोडायचा असेल, तर आधी ठरवायचं ते एवढंच: देवघरातलं कुठलं काम पूर्णपणे त्याचं.

दोन वर्षांच्या मुलाला घंटा आणि एक फूल वाहणं पुरे. तीन वर्षांचं मूल नैवेद्याच्या वाटीत साखर घालू शकतं. चौथ्या वर्षी सहाणेवर गंध उगाळणं जमतं, आणि याच्याइतकं मुलांना गुंतवणारं दुसरं काम नाही: खोड दोन्ही हातांनी धरायचं, चमचाभर पाणी, गोल गोल फिरवायचं. पाणी आधी जास्त पडतं आणि गंध पातळ होतं. तेव्हा पाणी तुम्ही घाला, उगाळू त्याला द्या. पाच-सहा वर्षांचं मूल पितळी देव मऊ कापडाने पुसतं, दूर्वांच्या जुड्या बांधतं. एकवीसपर्यंत मोजता येत नसेल तर पाच-पाचचे चार ढीग आणि वर एक, असं मांडून द्या. घरात दोन मुलं असतील तर घंटेवरून भांडण ठरलेलं. एकाला घंटा, दुसऱ्याला झांज, आणि दर सोमवारी अदलाबदल.

फ्लॅटमधलं देवघर बहुधा भिंतीवर मोठ्यांच्या छातीच्या उंचीवर असतं. खाली उभ्या मुलाला फळीचा तळ तेवढा दिसतो. त्याला स्टुलावर चढवू नका, कारण ज्योत नेमकी तोंडासमोर येते. खाली भिंतीलगत एक लहान चौरंग मांडून त्यावर एक तसबीर आणि फुलाची वाटी ठेवा. दिवा वरच राहू दे.

सांजवात

पुण्यात सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या सुमारास होतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास. दिवेलागण सूर्यावर ठेवायची की घड्याळावर, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मुलाला मात्र वेळेपेक्षा क्रम कळतो. हातपाय धुतले, दिवा लागला, घंटा झाली, शुभंकरोति म्हटलं, मोठ्यांना नमस्कार केला, तळहातावर प्रसाद आला. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजत असतील तर दिवा साडेआठला लावा. आजीने सातला नातवाबरोबर लावला असेल तर पुन्हा लावण्याचा आग्रह नको. येऊन नमस्कार केला की झालं.

दिवा लावल्यावर एक मिनिट ट्यूबलाइट बंद करा. ज्योत दिसली की मूल आपोआप गप्प होतं. ‘गप्प बस’ म्हणावं लागत नाही. चालू कार्टून मध्येच तोडून आणलेलं मूल रडतच येणार, म्हणून भाग संपेपर्यंत थांबा, नाहीतर दिव्यानंतरच टीव्ही लावा. श्लोक शिकवायचा म्हणून तोडून तोडून घोकून घेऊ नका. तुम्ही नेहमीच्या चालीत म्हणत राहा, मूल ओळीच्या शेवटचा शब्द पकडतं आणि मग मागे मागे सरकत जातं. ‘शत्रुबुद्धी’चं काहीही होईल, होऊ द्या. दुरुस्त करत बसलात तर म्हणायचंच सोडेल.

फुलवाती वळणं हे चार वर्षांपुढच्या मुलाचं शनिवार-रविवारचं काम. देवपूजेचा कापूस तुळशीबागेत आणि मंडईत सहज मिळतो. आधी सरकीचे कण वेचून काढा. गोटीएवढा कापूस विस्कटून दोन बोटं रुंदीची गोल चकती करायची, मधोमध चिमटीत धरून वर ओढायची आणि दुधात टेकवलेल्या बोटांनी शेंडा पिळायचा. दुधामुळे तंतू एकमेकांना चिकटतात. खालचा भाग पसरट राहिला पाहिजे, नाहीतर वात निरांजनात आडवी पडते. मुलं हमखास दोनपैकी एक चूक करतात. शेंडा फार घट्ट पिळला की तूप वर चढत नाही आणि दिवा विझतो. फार सैल ठेवला की ज्योत मोठी होऊन काजळी धरते. दोन्ही वाती लावून दाखवा, फरक त्याचा त्याला कळेल. वळलेल्या वाती रात्रभर पंख्याखाली वाळवा, ओली वात तडतडते. पावसाळ्यात झाकणाच्या डब्याशिवाय ठेवू नका.

जपायच्या गोष्टी

काडी पेटवणं मोठ्यांचंच काम. निरांजन पाणी घातलेल्या ताम्हनात ठेवलं तर कलंडलं तरी विझतं. आरतीचं ताट मुलाच्या हातात द्यायचं झालं तर ज्योत न लावलेलं द्या, किंवा तुमचा हात खाली असू द्या. नायलॉनचा घेरदार फ्रॉक आणि ओढणी आरतीच्या वेळी नकोच, सुती कपडे बरे.

कापराकडे फार थोडे लोक लक्ष देतात. वड्या पांढऱ्या, खडीसाखरेसारख्या दिसणाऱ्या, आणि बहुतेक घरी प्रसादाच्या डबीशेजारीच ठेवलेल्या. लहान मुलाच्या पोटात थोडा कापूर गेला तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. तो कुलपात किंवा सर्वांत वरच्या फळीवर हवा. गिळल्याचा संशय आला तर उलटी करवू नका, डबी बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

फुलांचंही तेच. सोसायटीच्या कुंपणाला कण्हेर असते, पिवळी बिट्टी असते, आणि दोन्ही विषारी आहेत. देवाला चालतात, पण तोंडात सगळं घालणाऱ्या मुलाच्या हातात नको. धोत्रा तर नकोच नको. मुलाच्या परडीसाठी जास्वंद, झेंडू, मोगरा, दूर्वा ठीक. त्यातही पारिजातक लहान मुलांसाठीच जणू बनला आहे. याची जमिनीवरून वेचलेली फुलं देवाला चालतात, त्यामुळे झाडावर चढायला नको, फांदी ओढायला नको. पावसाळ्यात आणि त्यानंतर सकाळी सातच्या आत झाडाखाली जा, उन्हं वर आली की फुलं मलूल होतात.

प्रसादात फुटाणे, शेंगदाणे, खडीसाखरेचे खडे आणि खोबऱ्याचे तुकडे चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकतात. त्याच्यासाठी खोबरं किसून, शेंगदाणे कूट करून, साखर साधी. पंचामृतात मध असतो. वर्षाच्या आतल्या बाळाला त्याचं बोटही चाटवू नये.

‘देव दिसत का नाही?’

प्रश्न येणारच, आणि बहुधा कुकरची शिट्टी होत असताना येणार. उत्तर एका वाक्यात द्या आणि थांबा. देवाने नैवेद्य खाल्ला का? ‘आपण त्याला आधी दाखवतो, मग आपण खातो.’ माहीत नसेल तर ‘मलाही नीट सांगता येत नाही, तुला काय वाटतं?’ हेही चालतं. चालत नाही ते एकच: ‘देव बाप्पा शिक्षा करेल.’ जेवत नाही म्हणून, झोपत नाही म्हणून देवाला पोलीस केलं की मूल देवघराच्या खोलीत एकटं जायला घाबरतं, आणि ती भीती काढायला महिने जातात. घरात एक जण देव मानणारा आणि एक न मानणारा असेल तर मुलासमोर वाद घालू नका. ‘बाबा नमस्कार करत नाही, तो फुलं आणून देतो’ हे मुलाला सहज पटतं.

देवळात न्यायचं तर

दगडूशेठला संकष्टीच्या संध्याकाळी लहान मूल घेऊन रांगेत उभं राहणं म्हणजे दोघांचाही छळ. आठवड्यातल्या साध्या दिवशी, सकाळी लवकर जा. पहिल्यांदा नेत असाल तर सारसबाग सोयीची. दर्शन पाच मिनिटांत, नंतर बागेत अर्धा तास पळायला मोकळीक. जाण्याआधी घरीच सांगा: चप्पल काढायची, घंटा वाजवायची, हात पसरून प्रसाद घ्यायचा. घंटेपर्यंत हात पोचावा म्हणून उचलून घ्यावं लागेल, तेव्हा तुमच्या हातात पिशवी नको. एप्रिल-मे महिन्यात दुपारी दगडी फरशी तापून पाय पोळतात, पायमोजे बरोबर ठेवा.

पर्वतीला साधारण 103 पायऱ्या आहेत, रुंद आणि बुटक्या. चार वर्षांचं मूल थांबत थांबत स्वतः चढतं. उन्हाळ्यात आठच्या आत खाली उतरलेलं बरं. वरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, हे मुलाला सांगून काही उपयोग नाही. वरून आपलं घर कोणत्या बाजूला आहे ते दाखवा.

आषाढी वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामी असतात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात. तिथल्या गर्दीत लहान मूल नेऊ नका. पालखीच्या वाटेवर, घराजवळच्या मोकळ्या जागी उभे राहा आणि मुलाच्या हातात डझनभर केळी द्या, एकेक वारकऱ्याला द्यायला. वारकरी त्यालाही ‘माउली’ म्हणेल, कदाचित वाकून पायाही पडेल. मुलं यावर आधी चक्रावतात, मग खूश होतात. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

शाडूचा गणपती

मूर्ती चतुर्थीच्या किमान दहा दिवस आधी करा. पुण्यात भाद्रपदातली हवा दमट असते, सावलीत वाळायला आठवडा जातो. चार इंचाच्या मूर्तीला अर्धा किलो भिजवलेला शाडू लागतो. मुलासमोर पाण्याचं फक्त बाटलीचं झाकण ठेवा. वाटी ठेवलीत तर दहा मिनिटांत गणपतीचा चिखल होतो.

भाकरीपेक्षा जाड एक चकती, ती बैठक. मोठ्या लिंबाएवढं पोट, दोन बोटांएवढ्या मांड्या, आवळ्याएवढं डोकं, करंगळीएवढी सोंड, दोन चपटे कान. भाग जोडताना दोन्हीकडे काडीने ओरखडे काढायचे आणि मधे दह्याइतका पातळ शाडू लावायचा. नुसतं दाबून चिकटवलेलं डोकं वाळताना हमखास निखळतं. सोंड अधांतरी ठेवू नका. ती बारीक असल्याने आधी वाळते, आकसते आणि मुळाशी तडकते. पोटावर टेकवली की टिकते. पोट भरीव असेल तर दुसऱ्या दिवशी खालून चमच्याने थोडं कोरून काढा. जोराच्या पंख्याखाली किंवा उन्हात वाळवू नका. बारीक चिरा पडल्याच तर त्याच पातळ शाडूने बुजवा. मूर्ती पूर्ण वाळल्यावरच रंगवा, पाण्यात कालवलेला गेरू पुरे. डोळे मुलालाच काढू द्या, तिरळे झाले तरी.

ही मूर्ती पूजेला घ्यायची की मुख्य मूर्तीशेजारी ठेवायची, हे घरच्या मोठ्यांशी श्रावणातच बोलून घ्या. चतुर्थीच्या आदल्या रात्री त्यावर चर्चा नको.

मोदकाची उकड मळताना मुलाला एक गोळा द्या. कळ्या त्याला जमणार नाहीत, पण निवगऱ्या जमतात: उकडीत जिरं-मीठ मळायचं, लहान पेढ्याएवढे गोळे तळहाताने थापायचे, तुम्ही दहा मिनिटं वाफवून द्यायचे. मिरची मोठ्यांच्या निवगऱ्यांत. उकड गार झाली की कडा फाटतात, म्हणून ओल्या फडक्याखाली ठेवा.

विसर्जनाला बरीच मुलं रडतात. पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर जायचा दिवस दाखवून ठेवला आणि वाटलेल्या डाळीची वाटी त्याच्या हाती दिली तर रडणं आवरतं. बादलीत नीट वाळलेला शाडू रात्रभरात विरघळतो. आतून ओला राहिलेला मात्र उलट जास्त वेळ घेतो. ते पाणी मोरीत ओतू नका, गाळ पाइपात बसतो. वरचं पाणी झाडांना घाला, खालचा गाळ वाळवून डब्यात भरा, पुढच्या वर्षी तोच भिजवता येतो. कुंडीत टाकायचा तर एक भाग शाडूला चार भाग माती, नाहीतर पाणी मुरत नाही.

मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची असेल तर साध्या पाण्यात ती विरघळणार नाही. त्यासाठी अमोनियम बायकार्बोनेट लागतं. ही पद्धत पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, आणि महापालिका गणेशोत्सवात ती पावडर वाटते. अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, म्हणून बादली बंद बाथरूममध्ये न ठेवता बाल्कनीत ठेवा, अधूनमधून ढवळा, आणि एक-दोन दिवस मुलाला तिकडे फिरकू देऊ नका.