एनक्लेक्स पास झाले, लायसन्स कुठाय?

पास झाल्याची बातमी वॉर्डात पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या हँडओव्हरला वॉर्डमामांनी विचारलं, "सिस्टर, मग कधी निघताय अमेरिकेला?" मी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला आणि हसून वेळ मारून नेली. मनात हिशोब होता महिना-दीड महिन्याचा. नुसतं लायसन्स यायलाच अकरा आठवडे लागले. निघण्याचं म्हणाल, तर मामा अजून विचारतात.

आता ज्या मुली एनक्लेक्स-आरएनच्या, म्हणजे अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स (आरएन) व्हायच्या परीक्षेच्या, तयारीला लागल्यात त्यांच्यासाठी हे लिहितेय. परीक्षेबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. पास झाल्यावर काय होतं, हे मला कोणी धड सांगितलं नव्हतं.

मुळात हे प्रकरण तीन घरांत विभागलेलं आहे आणि त्या तिघांची गल्लत झाली की डोक्याला ताप होतो. परीक्षा एनसीएसबीएनची, म्हणजे तिकडच्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय संघटनेची. ती घेते पिअर्सन व्ह्यू ही कंपनी, आपल्याकडे मुंबई, बंगळूर, हैदराबाद वगैरे ठिकाणच्या सेंटरवर. फी २०० डॉलर आणि अमेरिकेबाहेर बसलात म्हणून वर १५० डॉलर. आणि लायसन्स देतं तुम्ही ज्या राज्यात अर्ज केला त्या राज्याचं बोर्ड. अधिकृत निकालही त्या बोर्डाकडूनच येतो. परीक्षा सगळ्यांना एकच, कारभार मात्र प्रत्येक राज्याचा वेगळा.

२०२३च्या एप्रिलपासून नवीन पद्धतीचा पेपर आहे, कमीत कमी ८५ प्रश्न आणि जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. माझा कॉम्प्युटर १०३व्या प्रश्नाला थांबला. ८५ला बंद झाला असता तर निदान काहीतरी कळलं असतं असं वाटून मी लोकलमध्ये रडले. हे वाटणं चुकीचं होतं, ८५लाही लोक नापास होतात. पण त्या दिवशी अक्कल चालत नाही.

मग तो प्रसिद्ध पॉप-अप. परीक्षेनंतर, निकालाचा अंदाज घ्यायला, पुन्हा नव्याने रजिस्ट्रेशन करायला जायचं. साइटने 'तुम्ही नुकतीच परीक्षा दिलीय, आत्ता दुसरं रजिस्ट्रेशन करता येणार नाही' अशा अर्थाचं म्हणून अडवलं तर पास, आणि पैसे भरायच्या पानावर नेऊन कार्ड घेतलं तर नापास. याला कुठलाही अधिकृत आधार नाही आणि वाईट बातमीसोबत २०० डॉलरही कापले जाऊ शकतात. मी केलं का? केलं. तुम्हीही कराल. त्यापेक्षा बऱ्याच राज्यांच्या उमेदवारांसाठी कामकाजाच्या दोन दिवसांनी ७.९५ डॉलरला 'क्विक रिझल्ट' मिळतो, तो बरा. तोही अनौपचारिकच. त्यावर ड्यूटी करता येत नाही, पण झोप लागते. अधिकृत निकालाला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. पास झालात तर किती मार्क पडले हे कुणीच सांगत नाही. नापास झाल्यावर मात्र कुठे कमी पडलात याचा कागद येतो.

माझ्या मैत्रिणीने पॉप-अप आला त्याच रात्री स्टेटसला नावापुढे 'यूएसआरएन' लावलं. हौस म्हणून ठीक आहे, पण तिकडे लायसन्स नसताना आरएन म्हणवून घेणं हा गुन्हा आहे. ही सवय इथूनच लावून घेऊ नका.

आता खरी गोष्ट. लायसन्सची वाट बघणं म्हणजे दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं असतं, आपला नंबर आला की बोलावतील, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. बहुतेक वेळा तुमच्या फाइलमध्ये एक कागद कमी असतो किंवा असून जुळत नसतो, आणि तो जुळत नाही हे तुम्हाला कोणी आपणहून कळवेलच असं नाही. महिना गेला तरी हालचाल नाही म्हणजे रांग मोठी आहे असं समजून गप्प बसू नका. फाइल उघडून बघा.

यातला निम्मा भाग परीक्षेच्या कितीतरी आधी ठरतो, राज्य निवडताना. चुलत नणंद टेक्सासला आहे म्हणून टेक्सास, असं करू नका. विचारायचा प्रश्न एकच: सोशल सिक्युरिटी नंबर नसताना हे राज्य लायसन्स देतं का? तो नंबर तिकडे काम करायची परवानगी असल्याशिवाय मिळत नाही, आणि आपण तर इथे बसलोय. कॅलिफोर्निया तो नंबर किंवा तिथला कर-क्रमांक मागतं. काही राज्यं पास झाल्याचं पत्र देतात आणि नंबर येईपर्यंत लायसन्स अडकवून ठेवतात. बोटांचे ठसेही बऱ्याच ठिकाणी लागतात आणि इथून ते नीट उमटवून पाठवणं हा एक उद्योगच आहे. मी न्यूयॉर्क घेतलं, कारण तिथे नंबरावाचून अर्ज चालला आणि ठसे मागितले नाहीत. तिथे हे काम शिक्षण खात्याच्या ऑफिस ऑफ द प्रोफेशन्सकडे आहे, लायसन्सची फी १४३ डॉलर. एक तोटा आहे: एकाच लायसन्सवर अनेक राज्यांत काम करू देणारा जो बहुराज्य करार आहे, त्यात न्यूयॉर्क नाही, त्यामुळे तिथलं लायसन्स न्यूयॉर्कपुरतंच. पण करारातल्या राज्याचं बहुराज्य लायसन्स हवं तर त्या राज्यात राहायला हवं आणि सोशल सिक्युरिटी नंबरही हवा. म्हणजे इथून तरी ते स्वप्नच.

कागदपत्रांची पडताळणी सीजीएफएनएस ही अमेरिकेतली संस्था करते, २०२५ पासून तिचं नाव ट्रूमेरिट झालंय. नियम असा की तुमचे कागद तुम्ही पाठवायचे नाहीत. ट्रान्सक्रिप्ट कॉलेजने थेट पाठवायचं, रजिस्ट्रेशनची खात्री महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलने थेट करून द्यायची. हे ऐकायला सोपं आहे. आमच्या कॉलेजच्या क्लार्कने पाकीट चिकटवलं, समोर पत्त्याच्या बाजूला छान गोल शिक्का मारला आणि माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "सर, शिक्का मागे पाहिजे, पाकीट बंद केलंय त्या जोडावर. अर्धा झाकणावर, अर्धा पाकिटावर." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बाई, तीस वर्षं पाकिटं पाठवतोय." मी हट्ट केला असता तर बरं झालं असतं. तो सगळा सोपस्कार दुसऱ्यांदा करावा लागला आणि दुसऱ्या वेळी मी स्टॅम्पपॅड ओलं आहे का तेही बघितलं. जाताना छापील पत्ता, कुरियरचे पैसे आणि नमुना पाकीट स्वतः घेऊन जा. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना, नूतनीकरण राहिलंय का, तेही आधी बघा.

पण मला खरं नडलं ते नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, खाली आईचं. कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवरही माहेरचं. पासपोर्ट मी लग्नानंतर काढला, त्यात नावाच्या रकान्यात माझं आणि नवऱ्याचं एकत्र, आणि आडनाव सासरचं. तीन कागदांवर तीन बायका. पडताळणीच्या वेळी लग्नाचा दाखला आणि नावबदलाचं राजपत्र देऊन हा घोळ निस्तरला आणि मी समजले, सुटले. परीक्षेच्या परवानगीपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर एक असावं लागतं, ते मी दहा वेळा तपासलं होतं.

न्यूयॉर्कला आरएनसाठी आणखी दोन छोटे कोर्स लागतात, संसर्ग नियंत्रणाचा आणि बालकांवरचे अत्याचार ओळखून कळवण्याचा. राज्याची मान्यता असलेल्या संस्थेकडूनच करायचे, ऑनलाइन होतात. मी दोन्ही एका नाइटनंतर सकाळी डोळे चोळत केले. आणि फॉर्ममध्ये, सवयीने, आडनाव आधी टाइप केलं. माहेरचं.

बस. एवढंच. पास झाले, निकाल फाइलला लागला, पैसे भरलेले, शिक्षण मान्य, आणि ते दोन कोर्स कुणा तिसऱ्याच बाईच्या नावावर. सहा आठवडे मी रांगेत आहे असं समजत होते.

त्या सहा आठवड्यांत माझा एक छंद झाला होता. रात्री तीनच्या सुमारास, सगळ्यांचे व्हायटल्स घेऊन झाले, इन्फ्युजन पंप शांत असले की पॅन्ट्रीत उभ्याने चहा घेत मी राज्याच्या साइटवर लायसन्स शोधायचं पान उघडायचे. व्यवसाय निवडा: ०२२, रजिस्टर्ड प्रोफेशनल नर्स. मग आडनाव टाकायचं. ते पान सगळ्यांसाठी खुलं आहे, लायसन्स निघालं की पत्र येण्याआधी नाव तिथे दिसतं. माझ्या आडनावाच्या तिथे बऱ्याच जणी निघाल्या. त्यांची नावं मला पाठ झाली. मी मात्र त्यात नव्हते.

शेवटी एका सीनियर सिस्टरने झापलं. "बघत काय बसतेस, विचार त्यांना." आपल्याकडे ऑफिसात फार विचारलं की साहेब चिडतात, आणि मग फाइल खाली जाते, ही भीती आपल्या अंगातच मुरलेली असते. तिकडे तसं काही नाही. न्यूयॉर्कचं ऑल्बनीतलं ऑफिस सकाळी नऊला उघडतं तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसहा वाजलेले असतात संध्याकाळचे, हिवाळ्यात साडेसात. ड्यूटी सेट करायला इन्चार्जना सांगून ठेवा. मी मेल केली, फक्त चार ओळींची: पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, अर्जाचा क्रमांक, परीक्षेची तारीख, आणि एकच प्रश्न, माझ्या अर्जात काय बाकी आहे? कहाणी सांगू नका, 'काइंडली डू द नीडफुल' नको. आठवड्याने उत्तर आलं की दोन्ही कोर्सेसची नोंद सापडत नाही. मी प्रमाणपत्रं, लग्नाचा दाखला आणि राजपत्र एकाच पीडीएफमध्ये पाठवलं, कोर्सवाल्या संस्थेकडूनही नाव दुरुस्त करून घेतलं.

याच काळात एका एजंटने फोन केला. चाळीस हजारांत लायसन्स "फास्ट" करून देतो म्हणाला, आत ओळख आहे. आत कुणाची ओळख नसते. तो फार तर तुमच्या नावाने तीच चार ओळींची मेल करेल.

नोकरी सोडू नका, हेही इथेच सांगते. आमच्या बॅचची एक जण पॉप-अप बघून नोटीस देऊन मोकळी झाली, वर बॉन्डचे पैसेही भरले. आयसीयूचा चालू अनुभव ही पुढे मालकाला दाखवायची गोष्ट आहे, त्यात खंड पाडून घरी साइट रिफ्रेश करण्यात काय अर्थ आहे?

आणि आता मामांच्या प्रश्नाकडे येते. लायसन्स म्हणजे विमानाचं तिकीट नव्हे. ग्रीन कार्डाच्या वाटेने जायचं तर व्हिसास्क्रीन, म्हणजे परदेशी नर्सचं शिक्षण, लायसन्स आणि इंग्रजी तपासल्याचं प्रमाणपत्र हवं, ते १९९६च्या कायद्याने सक्तीचं केलंय आणि पाच वर्षं चालतं. त्यासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ६.५ आणि बोलण्यात ७ लागतात, आणि तो निकाल दोनच वर्षं टिकतो, म्हणून उत्साहाच्या भरात आधीच देऊन ठेवू नका. नर्सना 'शेड्युल ए' या टंचाईच्या व्यवसायांच्या यादीमुळे मालकाच्या अर्जातला कामगार खात्याचा एक मोठा टप्पा वगळला जातो, आणि तो अर्ज नुसत्या एनक्लेक्स पासच्या पत्रावरही करता येतो. इथवर चांगलं आहे. पुढे ग्रीन कार्डांत प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे आणि ती जन्मस्थानावर मोजतात. कुणाचा नंबर लागला हे दर महिन्याला सांगणारं व्हिसा बुलेटिन असतं; २०२५च्या उन्हाळ्यात त्यातल्या ईबी-३ मध्ये, म्हणजे नर्स ज्या वर्गात येतात त्यात, भारताच्या रकान्यात २०१३ची तारीख होती. म्हणजे ज्यांचे अर्ज बारा वर्षांपूर्वीचे, त्यांचा नंबर. फिलिपाइन्सच्या मुलींचे व्हिडिओ बघून आपलं वेळापत्रक आखू नका, त्यांचा रकाना वेगळा आहे. नवऱ्याचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्याच्या रकान्यातून जाता येतं, पण आमचे हे कराडचे.

मग एवढं करून काय मिळालं, असं माझी सासूही विचारते. परीक्षा वाया जात नाही. कॅनडात बहुतेक प्रांतांत २०१५ पासून रजिस्टर्ड नर्सना हीच परीक्षा आहे, आणि ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीत परदेशी नर्सच्या लेखी टप्प्याला हीच चालते, त्यापुढे तिथे जाऊन प्रात्यक्षिक द्यावं लागतं. मी सध्या ऑस्ट्रेलियाचे कागद जमवतेय. नावाचा रकाना आला की पासपोर्ट समोर ठेवते आणि एकेक अक्षर बघून टाइप करते.

नाव दिसलं ते एका मंगळवारी, रात्री तीनलाच. त्याच यादीत, त्या पाठ झालेल्या नावांच्या मधे. आधी वाटलं दुसरीच कोणीतरी आहे. मग नवऱ्याचं नाव दिसलं. स्क्रीनशॉट काढला, तेवढ्यात चार नंबरच्या पंपाचा अलार्म वाजला, म्हणून आधी तिकडे गेले. न्यूयॉर्कचं लायसन्स जन्मभराचं असतं, पण त्याची नोंदणी दर तीन वर्षांनी करावी लागते. ती तारीख मी कौन्सिलच्या नूतनीकरणाच्या तारखेखाली, फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवलीय.