जीवरक्षकाच्या नोकरीची तयारी करताना या चुका टाळा

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून खासगी कंपनीमार्फत जीवरक्षक नेमले जातात. मुंबईत गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा आणि गोराई या चौपाट्यांवरील जीवरक्षक महापालिकेच्या अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली काम करतात, आणि तरणतलाव, रिसॉर्ट व जलक्रीडा केंद्रे यांनाही प्रशिक्षित माणसे लागतात. या जागांसाठी तयारी करणारा उमेदवार बहुधा आपण उत्तम पोहतो एवढ्याच भरवशावर असतो. पोहणे ही पहिली अट आहे हे खरे, परंतु पाळीचा जवळजवळ सगळा वेळ जीवरक्षक पाण्याबाहेर असतो आणि पाण्याकडे पाहत असतो. तयारीतल्या बहुतेक चुका ही गोष्ट ध्यानात न घेतल्याने होतात.

वेगावरच सारा भर देणे

प्रत्येक संस्थेची पोहण्याची चाचणी निराळी असते, म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी अंतर, वेळ आणि गॉगल चालतो की नाही हे विचारून घ्यावे. अंदाज यावा म्हणून बाहेरची दोन मापे सांगता येतील. ब्रिटनमधील तलावाच्या जीवरक्षकाला ५० मीटर ६० सेकंदांच्या आत पोहावे लागते, तर ऑस्ट्रेलियातील समुद्रकिनाऱ्यावरच्या ब्राँझ मेडॅलियन या जीवरक्षक-प्रमाणपत्रासाठी ४०० मीटर ९ मिनिटांत पूर्ण करावे लागतात.

डोके पाण्यात घालून मिळवलेला वेग चाचणीपुरता उपयोगी पडतो. प्रत्यक्ष बचावात मात्र प्रत्येक हाताबरोबर बुडणाऱ्यावरची नजर सुटते आणि तो मध्येच पाण्याखाली गेला, तर नेमका कोठे गेला हे सांगता येत नाही. म्हणून रोजच्या काही फेऱ्या हनुवटी पाण्यावर ठेवून आणि समोरच्या एका खुणेवर नजर रोखून पोहाव्यात. अशा वेळी मान आणि कंबर लवकर भरून येत असेल, तर पाय खाली जात आहेत असे समजावे. हात आखूड मारून पायांची गती वाढवली की त्रास कमी होतो.

हातांच्या आधाराशिवाय पाण्यात उभे राहता न येणे ही दुसरी नेहमीची अडचण आहे. पाय नुसते वरखाली मारल्याने लवकर दम लागतो. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ एकेका पायाने आळीपाळीने, वर्तुळाकार मारण्याची सवय केली की दोन्ही हात मोकळे राहतात. तलावाच्या तळाशी ठेवलेले वजन बुडी मारून वर आणण्याच्या सरावात कान दुखत असतील, तर दुखू लागण्याआधीच नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबावी, आणि सर्दी झालेली असताना खोल बुडी मारू नये.

बुडणारा ओरडेल असे गृहीत धरणे

ही चूक सर्वांत महाग पडते. अमेरिकेतील जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांचे बारकाईने निरीक्षण करून दाखवून दिले, की गटांगळ्या खाणारा माणूस सहसा हाक मारत नाही, कारण तोंड पाण्याबाहेर येते तेवढ्या क्षणात त्याला जेमतेम श्वास घेता येतो. तो हातही हलवत नाही; तोंड वर राहावे म्हणून ते आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. शरीर उभे असते, पायांची हालचाल जवळजवळ नसते, आणि हे सारे २० ते ६० सेकंदांत संपते. लहान मुलांच्या बाबतीत तर शेजारी उभ्या असलेल्या पालकांनाही ते खेळत आहेत असे वाटू शकते. जो आरडाओरडा करतो तो दमलेला आणि घाबरलेला असतो. त्यालाही मदत हवीच, पण त्याच्याकडे धावताना शांतपणे बुडणारा नजरेतून सुटू नये.

नजरेची तयारी कोणत्याही सार्वजनिक तलावाच्या काठी बसून करता येते. पाण्याचा एक भाग ठरवून घ्यावा, तो तळासकट दहा सेकंदांत पाहून व्हावा, आणि प्रत्येक फेरीत डोकी मोजावीत. मागच्या फेरीत असलेले डोके आता नसेल, तर ते कोठे गेले याचे उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नये. अर्ध्या तासात लक्ष विचलित होऊ लागते, हे कोणालाही जाणवेल. त्याच कारणाने चांगल्या तलावांवर जीवरक्षकांची जागा ठरावीक वेळाने बदलली जाते. मोबाईल खिशात असणेही माझ्या मते गैरच आहे.

समुद्राला मोठा तलाव समजणे

शहरातील तलावात तयार झालेल्या उमेदवारांनी किनाऱ्यावर अर्ज करण्यापूर्वी भरती-ओहोटीचा हिशेब शिकून घ्यावा. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा ठोकताळा असा, की तिथीला पाऊणने गुणले की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती पूर्ण होते, आणि सुमारे सहा तासांनी ओहोटी. नोकरीत छापील वेळापत्रकच प्रमाण मानावे, पण हा हिशेब तोंडपाठ असलेला माणूस अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बेसावध राहत नाही.

दुसरी गोष्ट रिप करंटची, म्हणजे किनाऱ्याकडून समुद्राकडे ओढून नेणाऱ्या अरुंद प्रवाहाची. फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत एक शांत, थोडा गढूळ पट्टा दिसतो आणि त्यावरचा फेस समुद्राकडे जाताना दिसतो. पाणी शांत म्हणून नवखी कुटुंबे नेमकी तेथेच उतरतात. जोराच्या प्रवाहाचा वेग सेकंदाला दोन मीटरहून अधिक असू शकतो, म्हणून त्याच्या विरुद्ध पोहून कोणीही परत येत नाही. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचे आणि मग लाटांबरोबर परतायचे. अनुभवी जीवरक्षक आत जाताना याच प्रवाहाचा फायदा घेतात.

पोट दाबून पाणी काढणे

बाहेर काढलेल्या माणसाला पालथे घालणे, उलटे धरून फिरवणे किंवा त्याचे पोट दाबणे हे प्रकार आपल्याकडे अजूनही दिसतात, आणि उमेदवारही ते घरून शिकून येतात. यात मोलाचा वेळ जातो, शिवाय पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बुडण्यात मूळ घात प्राणवायूच्या अभावाने होतो, त्यामुळे केवळ छाती दाबणे पुरेसे नसते. श्वास बंद असेल तर युरोपीय पद्धतीत आधी पाच कृत्रिम श्वास देतात, अमेरिकी पद्धतीत दोन. त्यानंतर ३० दाब आणि २ श्वास हा क्रम चालू ठेवतात. प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबायची असते. पुतळ्यावर सराव करताना श्वास दिल्यावर छाती उचलली जात नसेल, तर डोके पुरेसे मागे झुकवलेले नाही किंवा मास्क नीट बसलेला नाही, हे आधी तपासावे. शुद्धीवर आलेल्या माणसालाही १०८ च्या रुग्णवाहिकेने रुग्णालयात पाठवावे; खोकला आणि धाप काही तासांनी वाढू शकते.

कागदपत्रे शेवटच्या आठवड्यावर ढकलणे

प्रथमोपचार आणि जीवरक्षणाची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी ती चालू आहेत ना हे पाहावे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीत गोव्यात असलेली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था जीवरक्षणाचे अभ्यासक्रम चालवते. नोकरीची हमी देऊन मोठे शुल्क मागणाऱ्या वर्गात नाव घालण्यापूर्वी, त्यांचे प्रमाणपत्र तुम्हाला हव्या त्या ठिकाणी ग्राह्य धरले जाते का, हे तेथेच विचारावे.

मुलाखतीत ‘मी लगेच उडी मारीन’ असे सांगणे

किनाऱ्यावर कोणी बुडताना दिसले तर काय कराल, या प्रश्नाला हे उत्तर दिले, तर प्रशिक्षण नीट झालेले नाही असाच ग्रह होतो. आधी शिट्टी किंवा वायरलेसवरून सहकाऱ्याला खबर द्यावी. अंतर कमी असेल तर हाक मारून धीर द्यावा, काठी पुढे करावी किंवा दोर फेकावा. तेवढ्याने भागत नसेल तरच रेस्क्यू ट्यूब (बचावासाठीची लांबट, तरंगणारी नळी) घेऊन पाण्यात उतरावे. दोन हात अंतरावर थांबून ट्यूब त्याच्यापुढे सरकवावी आणि ती आपल्या दोघांच्या मध्ये ठेवावी. तरीही त्याने गळ्याला मिठी मारली, तर त्याच्यासह खाली बुडी मारावी. त्याला वर राहायचे असते, त्यामुळे पकड सुटते, आणि मग पाठीमागून येऊन त्याला धरता येते.