लहान शिकारी टाकीत सोबती निवडण्यापूर्वीची तयारी

खाऱ्या पाण्याच्या टाकीत शिकारी मासे ठेवायचे ठरवले, की बहुतेक जण दुकानात रंग पाहून मासे निवडतात आणि ते आपसांत जमवून घेतील या भरवशावर घरी आणतात. तयारी उलट टोकाकडून करावी. आधी एकच मुख्य मासा ठरवावा, त्याचा जबडा पूर्ण उघडल्यावर केवढा होतो ते त्याला खाताना पाहून समजून घ्यावे, आणि त्या जबड्यात मावणार नाहीत व त्या माशाला छळणारही नाहीत, एवढ्यांचीच नावे कागदावर लिहावीत.

पुढचे सगळे मी फझी ड्वार्फ लायनफिश, म्हणजे डेन्ड्रोकायरस ब्रॅकिप्टेरस, हा लांब पंखांचा आणि विषारी काट्यांचा लहान शिकारी मुख्य मासा धरून लिहीत आहे. मोठा लायनफिश फूटभराहून लांब होतो आणि मुंबईतल्या दिवाणखान्यात बसेल अशी टाकी त्याला पुरत नाही. हा ड्वार्फ मात्र सुमारे 17 सेंटीमीटरवर थांबतो. त्याच्यासाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे अंदाजे 250 लिटरची टाकी घ्यावी. दगड, काच आणि स्टँड धरून हे वजन साडेतीनशे किलोच्या घरात जाते, म्हणून जुन्या इमारतीत टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत ठेवावी आणि शंका असल्यास जाणकार इंजिनिअरला जागा दाखवावी.

पाण्याची तयारी थोडक्यात सांगतो. गिरगाव किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून पाणी भरून आणू नये. त्यात सांडपाणी मिसळते आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही घटतो. आरओचे पाणी घेऊन त्यात टाकीसाठी मिळणारे समुद्री मीठ विरघळवावे आणि विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारेपणाचे माप, 1.025 च्या आसपास ठेवावे. तापमान 24 ते 26 अंश सेल्सिअस हवे, आणि मे महिन्यात मुंबईत ते चिलरशिवाय राखता येत नाही. शिकारी मासे मांस खातात, त्यामुळे पाणी लवकर बिघडते. म्हणून प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारे यंत्र, टाकीच्या आकाराच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा, आणि अमोनिया व नायट्राइट ही माशांना विषारी असलेली द्रव्ये दोन्ही शून्यावर येईपर्यंत एकही मासा सोडू नये, मग त्याला सहा आठवडे लागले तरी चालतील.

आता सोबत्यांची निवड. माझ्या पहिल्या टाकीत मी पाच सेंटीमीटरचे दोन कार्डिनल मासे लायनफिशबरोबर सोडले होते, कारण दुकानात तो दिवसभर दगडाखाली निश्चल बसलेला दिसे. संध्याकाळी दिवे मंद झाले तसे त्याने छातीचे पंख सुपासारखे पसरले, त्या दोघांना हळूहळू कोपऱ्यात रेटत नेले आणि पापणी लवायच्या आत एक नाहीसा झाला. दुसरा सकाळी दिसला नाही. दोष माझाच होता, माशाचा नव्हे. तेव्हापासून मी नियम पाळतो: सोबत्याची लांबी लायनफिशच्या दोनतृतीयांशाहून अधिक असावी, आणि तो सडपातळ असेल तर त्याहूनही अधिक. लहान गोबी, क्रोमिस, क्लीनर कोळंबी आणि लहान खेकडे हे या टाकीत सोबती नसून खाद्य आहेत, हे आधीच मान्य करावे.

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. लायनफिशचे पंख लांब आणि त्याची चाल संथ, त्यामुळे कुरतडणाऱ्या माशांना तो आयता सापडतो. म्हणून ट्रिगरफिश आणि केंड कितीही लहान व देखणे वाटले तरी घेऊ नयेत. अँगलरफिश तर मुळीच नको. तो स्वतःएवढा मासाही गिळू शकतो, आणि या दोघांपैकी कोण कोणाला खाईल हे केवळ आकारावर ठरते. ड्वार्फ लायनफिशचे दोन नरही एकत्र ठेवू नयेत, ते भांडतात.

माझ्या यादीत पहिले नाव मरीन बेटा, म्हणजे कॅलोप्लेसिऑप्स अल्टिव्हेलिस, याचे असते. काळ्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा हा मासा घाबरला की डोके कपारीत घालतो आणि शेपटी बाहेर ठेवतो; त्याच्या पाठीवरच्या पंखाच्या मागच्या भागातला डोळ्यासारखा ठिपका आणि पसरलेली शेपटी मिळून ठिपकेदार मोरे वामाचे तोंडच बाहेर आल्यासारखे दिसते. तो लाजाळू आहे, अंधारात खातो, म्हणून त्याला दोनतीन खोल कपारी लागतात. दुसरा सोबती लाँगनोज हॉकफिश. तो सुमारे 13 सेंटीमीटर होतो, पण सडपातळ असल्यामुळे पूर्ण वाढलेलाच घ्यावा. स्नोफ्लेक मोरे वामही लायनफिशबरोबर राहतो, मात्र त्याची नजर कमजोर असते आणि तो वासावर झडप घालतो, त्यामुळे त्याला चिमट्याने वेगळ्या कोपऱ्यात भरवावे लागते. झाकणात फट राहिली तर तो बाहेर पडतो. 250 लिटरमध्ये या तिघांपैकी दोघांवर थांबावे असे माझे मत आहे.

दुकानदार समुद्री घोडा किंवा जिवंत दगडी प्रवाळ देऊ लागला तर घेऊ नये. हे दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. क्रॉफर्ड मार्केट असो वा कुर्ला, मासा पसंत पडला की दुकानदाराला म्हणावे, "भाऊ, याला जरा खायला घालून दाखवा." जो मासा समोर गोठवलेले खाद्य खात नाही, तो त्या दिवशी आणू नये. गोल्डफिशसारखे गोड्या पाण्यातले जिवंत मासे त्याला कायम खाऊ घालणे चुकीचे आहे. गोल्डफिशमध्ये थायमिनेज असते आणि त्यामुळे ब-1 जीवनसत्त्व नष्ट होते. कोळंबी, माकूळ आणि समुद्री माशाचे तुकडे आलटून पालटून, आठवड्यातून दोनतीन वेळाच द्यावेत, कारण हा मासा मिळेल तेवढे खातो.

नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. वाम असेल तर तांब्याची औषधे टाळावीत. लायनफिशच्या पाठीवर 13, खाली 3 आणि पोटाच्या पंखांत 2 असे विषारी काटे असतात, म्हणून त्याला जाळीने किंवा हाताने न धरता प्लास्टिकच्या डब्यात घ्यावे आणि घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे, की काटा लागलाच तर ती जागा सोसवेल इतक्या, पण 45 अंशांच्या वर नाही अशा गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. दवाखान्याचा नंबर टाकीच्या स्टँडवर चिकटवावा.

सगळे तयार झाल्यावर पहिल्यांदा मरीन बेटा सोडावा, तो नीट खाऊ लागल्यावर दोन आठवड्यांनी लायनफिश, आणि आपल्या जागेसाठी भांडणारा हॉकफिश सर्वांत शेवटी, दगडांची मांडणी थोडी बदलून आणि दिवे मालवून.